स्वस्त हवेची कायाक घ्यायची असेल तर: निवड, पहिल्या दोन दिवसांची तपासणी आणि वॉरंटीचा पाठपुरावा

आमच्या भंडारा जिल्ह्यात गाव तिथे तलाव आहे. माजी मालगुजारी तलाव, म्हणजे सगळे म्हणतात तसे मामा तलाव. थंडीत त्यांच्या मधल्या पाण्यावर बदकं उतरतात आणि पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, दुर्बीण लावली तरी नुसते ठिपके दिसतात. जवळ जायचं तर डोंगा, म्हणजे छोटी नाव, लागतो. डोंगा असतो मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांचा, आणि ज्याचं पोट त्या डोंग्यावर आहे त्याला तासभर पक्षी बघण्यासाठी अडवून ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. म्हणून मी हवा भरून चालवायची कायाक, म्हणजे वल्ह्याने चालणारी लांबट छोटी नाव, घेतली. पिशवीत मावते, मोटरसायकलला मागे बांधता येते, घरात जागा अडवत नाही.

पहिली कायाक घेताना माझ्याकडून एक चूक झाली, आणि हा लेख मुख्यतः त्या चुकीमुळे लिहितो आहे. दिवाळीच्या सेलमध्ये मागवली, खोका घरी आला, आणि इकडे धानाची कापणी सुरू झाली. खोका तसाच कोपऱ्यात राहिला. चौदाव्या दिवशी उघडून हवा भरली. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूची हवेची नळी कोमेजलेल्या भोपळ्याच्या वेलासारखी लोळत होती. जोडावरून हवा जात होती. माल परत करायची मुदत दहा दिवसांची होती. पुढचे सात आठवडे फोन, ई-मेल आणि फोटो यांतच गेले. शेवटी बदली नाव मिळाली, पण त्या सात आठवड्यांत बरीच बदकं निघून गेली होती.

मला यातून एकच गोष्ट सांगायची आहे. स्वस्त कायाकची वॉरंटी तुम्ही पाण्यात उतरण्याआधीच्या दोन दिवसांत कमावता किंवा गमावता. कसं, ते सविस्तर लिहितो.

आधी पाणी ठरवा

कायाक कुठे चालवणार ते आधी ठरलं पाहिजे. स्वस्त हवेची कायाक ही संथ पाण्याची नाव आहे. मामा तलाव, मोठी बोडी (शेतीचं छोटं तळं), शांत दिवशी धरणाच्या फुगवट्याची कडेची बाजू, एवढंच तिचं क्षेत्र. पावसाळ्यातली वैनगंगा, वर्धा किंवा पैनगंगा तिच्यासाठी नाही. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाला ३३ दरवाजे आहेत. ते उघडले की खालची नदी बघता बघता चढते. धरणाच्या खालच्या अंगाला नाव टाकायचा विचारही करू नका.

शेततळ्याबद्दल वेगळं सांगतो, कारण बरेच जण 'आपल्याच शेततळ्यात चालवू' म्हणतात. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याचा उतार ओला झाला की पाय ठरत नाही. पोहता येणारा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. नाव असो की नसो, काठावरच्या खुंटाला बांधलेला गाठीचा दोर पाण्यात सोडलेला नसेल तर तिथे उतरू नये.

दुसरी गोष्ट परवानगी. बऱ्याच तलावांतली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. कुठे पाण्यात जाळी लावलेली असतात, कुठे शिंगाडा लावलेला असतो. संस्थेच्या अध्यक्षांना भेटा, नाव दाखवा, जाळी कुठे आहेत ते विचारा. मी भेटलो तेव्हा तिथल्या एका म्हाताऱ्या काकाजींनी नळी दोन बोटांनी दाबून पाहिली आणि म्हणाले, "बाबू, आमच्या डोंग्याले भोक पडलं त डांबर लावतो. याले काय लावान जी? शिंगाड्यात नोका नेऊ हे." त्यांच्या त्या वाक्याने माझी एक नाव वाचली. शिंगाड्याच्या फळाला टोकदार काटे असतात आणि ती पाण्याखाली पानांत दडलेली असतात. तसेच काठावरचे तोडलेल्या बेशरमाच्या झुडपांचे खुंट आणि पाण्यात गेलेल्या बाभळीच्या फांद्या. धरणाच्या फुगवट्यात बुडालेली झाडं असतात, त्यांचे शेंडे पाणी उतरलं की पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात.

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा अशा संरक्षित क्षेत्रांतल्या पाण्यात वनविभागाच्या परवानगीशिवाय स्वतःची नाव टाकता येत नाही. सारसांचा जोडा घरट्यावर असेल तिथेही जाऊ नका, मग तलाव गावाचा का असेना.

कोणती घ्यावी

बाजारात ढोबळमानाने तीन जाती आहेत. पहिली साध्या पीव्हीसीची, जलतरण तलावातल्या खेळण्याच्या नावेपेक्षा जाड, पण घराणं तेच. दुसरीत आत पीव्हीसीच्या हवेच्या पिशव्या आणि बाहेर जाड नायलॉन कापडाचं आवरण असतं. तिसरीत तळ ड्रॉप-स्टिच पद्धतीचा असतो, म्हणजे वरच्या आणि खालच्या थराला हजारो धाग्यांनी आत बांधलेलं असतं. म्हणून त्यात जास्त दाबाची हवा भरता येते आणि तळ फळीसारखा कडक होतो. तिसरी चांगलीच, पण ती 'स्वस्त' या शब्दात बसत नाही. आपला प्रश्न पहिल्या दोन जातींचा आहे, आणि तलावात काटे असतील तर मी दोन पैसे जास्त देऊन कापडी आवरणाची घ्या असंच सांगेन.

आकार समजावा म्हणून सगळीकडे दिसणारी दोन उदाहरणं देतो. इंटेक्सची एक्सप्लोरर के-टू ही दोघांची कायाक ३१२ सेंटिमीटर लांब आणि ९१ सेंटिमीटर रुंद आहे, तिची कमाल भारक्षमता १८० किलो सांगितलेली आहे. त्याच कंपनीची चॅलेंजर के-वन ही एकट्याची २७४ सेंटिमीटर लांब, ७६ सेंटिमीटर रुंद आणि १०० किलोंची. आता हिशेब करा. दोन माणसं सत्तर-सत्तर किलोंची, वर डबा, पाणी, कॅमेरा, पंप धरून पंधरा किलो. झाले १५५. कागदावर १८० मध्ये बसलं, पण नाव पाण्यात खोल बसते, वळायला जड होते आणि वाऱ्याच्या लाटेने पाणी आत येतं. माझा नियम असा की सांगितलेल्या क्षमतेच्या पाऊण भागावर थांबायचं. म्हणून 'दोघांची' कायाक म्हणजे एक मोठा माणूस आणि त्याचं सामान, किंवा एक मोठा आणि एक शाळकरी पोर.

घेताना तीन गोष्टी बघा. हवेचे कप्पे किमान तीन वेगळे हवेत: डावा, उजवा आणि तळ. एक गेला तरी दोन तुम्हाला काठावर आणतात. मुख्य कप्प्यांना बॉस्टन झडप असावी, म्हणजे दोन झाकणांची, मधलं झाकण हवा आत घेतं पण बाहेर सोडत नाही. खेळण्यातल्या फुग्यासारखी चिमटीत दाबायची झडप मुख्य कप्प्याला असेल तर ती नाव घेऊ नका. आणि मागे खाली लावायची फिन, म्हणजे माशाच्या परासारखी पट्टी, असली पाहिजे, नाहीतर प्रत्येक वल्ह्यागणिक नाव स्वतःभोवती फिरते.

सोबत येणारं वल्हं आणि पंप चालतात. लाइफ जॅकेट बहुधा सोबत येत नाही, आणि आलं तरी त्याच्यावर विसंबू नका. वेगळं घ्या. ते पाण्यात किती उचलून धरतं याचा त्यावर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यासाठी, काठ जवळ असताना. पोहता येत नसेल तर १०० किंवा १५० न्यूटनचं. नावेवर दोन हजार वाचले तर ते जॅकेटवर घाला.

कोणाकडून घ्यावी

इथे मी नावेपेक्षा जास्त वेळ घालवायला सांगतो. ऑनलाइन पानावर वर ब्रँडचं नाव मोठ्या अक्षरात असतं, पण माल विकणारा वेगळा असतो, त्याचं नाव खाली बारीक अक्षरात. तिसरा असतो आयातदार. बहुतेक हवेच्या कायाक परदेशातून येतात, त्यामुळे भारतात वॉरंटीची जबाबदारी कोण घेतो हा प्रश्न खरा महत्त्वाचा. परदेशातल्या कंपनीच्या संकेतस्थळावर लिहिलेली वॉरंटी त्या देशातल्या गिऱ्हाइकासाठी असू शकते. कोणीतरी सुटा माल आणून विकत असेल, तर कंपनी भारतात हात वर करते.

म्हणून पैसे भरण्याआधी विक्रेत्याला तीन प्रश्न लेखी विचारा. वॉरंटी किती दिवसांची आणि ती जोड व झडपा यांना लागू आहे का? भारतात दावा कोणाकडे करायचा, पत्ता आणि ई-मेल काय? आमच्या पिनकोडवरून माल परत उचलला जातो का, नसेल तर परत पाठवायचा खर्च कोण देणार? उत्तर आलं तर त्याचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तरच आलं नाही, तर विक्रीनंतर येईल अशी आशा धरू नका.

तिसरा प्रश्न खेड्यात राहणाऱ्यांनी विसरू नये. माल घेऊन येणारी गाडी गावात येते, पण परतीचा माल उचलायला त्याच पिनकोडला सेवा नसते, असं मी स्वतः अनुभवलं आहे. तालुक्याच्या ठिकाणी ओळखीचं दुकान असेल तर डिलिव्हरीचा पत्ता तिथला द्या. आम्ही मागाहून तसंच केलं.

जवळच्या शहरात खेळाच्या सामानाचं मोठं दुकान असेल, तर थोडं महाग पडलं तरी तिथून घेणं मला पटतं. वस्तू हातात घेऊन बघता येते आणि तक्रार घेऊन माणसासमोर उभं राहता येतं. जुनी, वापरलेली कायाक मात्र बिलाशिवाय घेऊ नका. बिल नसेल तर वॉरंटीचा विषयच संपतो.

खोका आल्यावरचे ४८ तास

कापणी असो, लग्न असो, खोका आला त्याच दिवशी हे काम करा.

खोका फोडण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. आधी पत्त्याची चिठ्ठी दाखवा, मग खोक्याच्या सहाही बाजू, मग न थांबता फोडणं आणि आतली एकेक वस्तू. तुकड्या-तुकड्यांचा व्हिडिओ विक्रेते मानत नाहीत. मग खोक्यावरचा छापील मजकूर फोटोत घ्या: आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष, ग्राहक सेवेचा नंबर. आयात केलेल्या पॅकबंद मालावर ही माहिती छापणं कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल तर माल तिथेच संशयास्पद समजा. नावेवर झडपेजवळ किंवा मागच्या बाजूला लॉट नंबर वा सिरियल नंबर असतो, त्याचाही जवळून फोटो. बिल साध्या थर्मल कागदावर असेल तर त्याचा आजच फोटो काढा, सहा महिन्यांत अक्षरं उडतात. खोका फेकू नका.

आता हवा. अंगणात नाही, घरात. ओसरीत किंवा मोठ्या खोलीत गोधडी अंथरा आणि तिच्यावर नाव पसरा. आधी तळ की बाजूच्या नळ्या, हा क्रम पुस्तिकेत दिलेला असतो, तोच पाळा. क्रम चुकला तर जोडावर वाकडा ताण येतो. हवा भरायला सोबतचाच पंप. 'पंक्चरवाल्याकडे नेतो, दोन मिनिटांत भरून देतो' असं कोणीतरी म्हणतंच. मोटरसायकलच्या टायरला २५-३० पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब लागतो, या नावेला साधारण १. कॉम्प्रेसर क्षणात जोड फाडतो, आणि तो बिघाड वॉरंटीत बसत नाही. दाब मोजायला काही नावांवर छापील रेघ असते. हवा भरताना कातडं ताणतं तशी रेघ लांबते, ती सोबतच्या मापपट्टीएवढी झाली की थांबायचं. तशी सोय नसेल तर अंगठ्याने दाबून बघा. पिकलेल्या पण घट्ट टोमॅटोइतकी नळी दबली पाहिजे, नारळासारखी कडक नको.

भरल्यावर मोजा. शिंप्याकडची मापाची फीत घ्या. डाव्या नळीचा घेर मधोमध, उजव्या नळीचा घेर मधोमध. जिथे मोजलं तिथे खडूची खूण. वेळ लिहा. उद्या त्याच वेळी, त्याच खोलीत, त्याच खुणेवर पुन्हा मोजा.

'त्याच वेळी' यावर मी इतका जोर देतो त्याला कारण आहे. हवा थंड झाली की दाब उतरतो, भोक नसलं तरी. दुपारी ३० अंशांना १ पीएसआय हवा भरली आणि पहाटे पारा १५ वर आला, तर भोक नसतानाही हिशेबाने जेमतेम पाव पीएसआयच्या आसपास दाब उरतो. कारण नळीतली हवा वातावरणाच्या १४.७ पीएसआय दाबावर हे एक पीएसआय जास्तीचं धरून असते, आणि तापमानाचा परिणाम त्या सगळ्या बेरजेवर होतो. पहाटे लोळलेली नाव बघून लोक तक्रार करतात, कंपनी 'दोष नाही' म्हणते आणि मग खरा दोष निघाला तरी तुमच्या शब्दाला वजन राहत नाही. शिवाय नवं पीव्हीसी पहिल्या दिवशी थोडं सैल पडतं. म्हणून पहिल्या दिवसाचा फरक धरू नका, पुन्हा हवा नीट भरून दुसऱ्या २४ तासांचा धरा.

दुसऱ्या दिवशीही एकाच नळीचा घेर उतरला आणि दुसरीचा नाही, तर ती गळते. दोन्ही सारख्या उतरल्या तर बहुधा तापमान. किती सोपी खूण आहे, आणि मला ती सात आठवडे भांडल्यावर समजली.

गळती शोधायला मगभर पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घाला, फेस करा, फडक्याने जोडावर लावत जा. आधी झडप, मग झडपेभोवतीचा गोल जोड, मग लांब जोड, शेवटी टोकाच्या घड्या. माझ्या नावेच्या डाव्या नळीच्या पुढच्या टोकाला, जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर चढतात, तिथे मोहरीएवढे बुडबुडे रांगेने उभे राहायचे, फुटायचे, पुन्हा उभे राहायचे. कानाला लावलं तर काही ऐकू येत नव्हतं. तो वीस सेकंदांचा व्हिडिओच शेवटी कामी आला.

झडपेतून बुडबुडे आले तर घाबरू नका. आधी झडप काढून धान्याची कणी वा धूळ अडकली आहे का ते बघा, पुसून घट्ट बसवा. बऱ्याचदा तेवढंच असतं.

बिघाड निघाला तर

सर्वांत आधी, ठिगळ लावू नका. हात शिवशिवतो, किटही सोबत असतं. पण ठिगळ लावलं की कंपनीला 'गिऱ्हाइकाने छेडछाड केली' म्हणायला जागा मिळते. हवा सोडा, नाव घडी करून खोक्यात ठेवा, मग दावा करा.

माल परत करायच्या मुदतीत असाल तर वॉरंटीच्या वाटेला जाऊ नका. ज्या ॲपवरून घेतलं तिथेच 'सदोष माल' असं कारण निवडून बदली किंवा पैसे मागा. 'आवडला नाही', 'गरज नाही' हे कारण चुकूनही निवडू नका, त्याने पुढचा सगळा युक्तिवाद बिघडतो.

मुदत गेली असेल तर विक्रेता आणि आयातदार दोघांना एकाच वेळी ई-मेल करा. फोनवर बोललात तरी बोलणं संपल्यावर 'आत्ता आपलं असं बोलणं झालं' असा ई-मेल टाका. फोनचं बोलणं हवेत जातं. ग्राहक सेवेचा नंबर खोक्यावरून किंवा बिलावरून घ्या, इंटरनेटवर शोधून नको. शोधात वर येणारे काही नंबर भामट्यांचे असतात. ते 'तक्रार नोंदवायला पाच रुपये भरा' म्हणतात, लिंक पाठवतात किंवा मोबाइलचा पडदा दाखवणारं ॲप टाकायला लावतात. तसं झालंच आणि खात्यातून पैसे गेले, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मजकूर छोटा ठेवा. मी पहिल्यांदा दीड पानी पत्र लिहिलं होतं, त्यात बदकांचाही उल्लेख होता. उत्तर आलं नाही. नंतर हे लिहिलं:

"ऑर्डर क्रमांक अमुक, बिलाची तारीख अमुक, लॉट क्रमांक अमुक. कायाक पाण्यात एकदाही उतरवलेली नाही. सोबतच्या पंपाने, पुस्तिकेत सांगितलेल्या दाबाइतकी हवा भरली. २४ तासांत, त्याच खोलीत, डाव्या नळीचा घेर इतक्या सेंटिमीटरने कमी झाला, उजवीचा बदलला नाही. पुढच्या टोकाच्या जोडावर साबणाच्या पाण्यात बुडबुडे दिसतात, व्हिडिओ जोडला आहे. हा निर्मितीतला दोष आहे. बदली माल द्यावा किंवा पूर्ण रक्कम परत करावी. परत उचलण्याची व्यवस्था आणि तक्रार क्रमांक कळवावा."

मराठीत लिहायला हरकत नाही, पण कॉल सेंटर परराज्यात असतं, म्हणून मी सोप्या हिंदीत लिहून खाली तेच मराठीतही दिलं.

यानंतर ठरावीक उत्तरं येतात. 'पंक्चर वॉरंटीत येत नाही.' बरोबर आहे, पंक्चर येत नाही. पण जोडाची गळती म्हणजे पंक्चर नव्हे, हे एका ओळीत कळवा आणि व्हिडिओतला सेकंद सांगा. 'जास्त हवा भरली असेल.' जास्त हवेने जोड सरकतो तेव्हा त्याच्या कडेला कातडं पांढरट पडतं किंवा सुरकुततं, तसं नसल्याचा जवळचा फोटो द्या. 'किट पाठवतो, ठिगळ लावा.' हे सर्वांत मोहाचं उत्तर. गळती जोडावर असेल तर नम्रपणे नाकारा, जोडावर ठिगळ नीट बसत नाही. 'नाव कापून लॉट नंबरचा तुकडा पाठवा.' वजनी माल परत नेण्यापेक्षा हे काही कंपन्यांना स्वस्त पडतं, आणि मागणी खरीही असू शकते. पण बदली मंजूर झाल्याचं लेखी येईपर्यंत कात्री हातात घेऊ नका.

परतीचा माल स्वतः पाठवायला सांगितला तर 'खर्च तुम्ही परत द्याल' हे लेखी घ्या आणि मग तालुक्याच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवा. वजन लिहिलेली पावती मिळते आणि माल कुठे पोचला ते दिसतं. पाठवण्याआधी घडी केलेल्या नावेचा आणि बंद खोक्याचा फोटो काढा.

प्रत्येक फोनची नोंद एका वहीत ठेवा: तारीख, वेळ, बोलणाऱ्याने सांगितलेलं नाव, तक्रार क्रमांक, काय म्हणाला. आणि समोरच्यावर ओरडू नका. फोन उचलणारी पोरगी किंवा पोरगा आपल्या लेकरांच्या वयाचा असतो, त्याने नाव बनवलेली नसते. "ताई, हे तुमच्या हातात नसेल तर वरच्यांकडे द्या, तोवर मी थांबतो," असं म्हटल्यावर माझं काम पुढे सरकलं.

तरीही दाद लागली नाही तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याच महिन्यात ऑनलाइन विक्रीचे वेगळे नियमही आले. त्या नियमांप्रमाणे विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं. त्याचं नाव आणि ई-मेल संकेतस्थळाच्या अगदी तळाशी असतात. साध्या ग्राहक सेवेने दोनदा टोलवलं की तिसरा ई-मेल या अधिकाऱ्याला.

'परत करायची मुदत संपली' हे उत्तर अंतिम समजू नका. ती मुदत दुकानाच्या सोयीची आहे. सदोष मालाबद्दल तक्रार करायला कायदा कारण घडल्यापासून दोन वर्षं देतो.

पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. तिथे तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीकडे पाठपुरावा करते, पण कंपनीच्या वरच्या टेबलापर्यंत कागद पोचतो. माझं प्रकरण इथेच मिटलं. नोंदवल्यानंतर बाराव्या दिवशी बदली मालाचा ई-मेल आला.

इथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की मुंबईचा, तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. हा २०१९ च्या कायद्याने दिलेला मोठा आधार आहे, खेड्यातल्या माणसाला तर फारच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन दाखल करता येते. निकाल तीन महिन्यांत, आणि मालाची तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चला. आयोगाकडे जाण्याआधी कंपनीला पंधरा दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टने पाठवा. अनेकदा त्या नोटिशीनेच हालचाल होते.

नाव चांगली निघाली, आता ती टिकवायची

आपल्याकडच्या उन्हात स्वस्त कायाक मरते ती पाण्यात नव्हे, काठावर. सकाळी १५ अंशांना १ पीएसआय भरलेली नळी काठावर उन्हात तापून ४५ अंशांना गेली, तर आतला दाब हिशेबाने अडीच पीएसआयच्या वर जातो. पाण्यावर असताना खालून पाणी नळी थंड ठेवतं, म्हणून कळत नाही. जेवायला काठावर आलात की दोन्ही बाजूंची थोडी हवा सोडा, नाव सावलीत ओढा, निघताना पुन्हा भरा. माझ्या ओळखीच्या एकाने नवी नाव पाळीवर उन्हात ठेवली आणि भाकर सोडली, तेवढ्यात तळाची आतली पट्टी सुटून मधोमध फुगा आला. त्याला वॉरंटी मिळाली नाही, आणि मिळणारही नव्हती.

वाऱ्याचंही लक्षात ठेवा. ही नाव हलकी असते, वारा तिला पतंगासारखी नेतो. निघताना वाऱ्याविरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर वारा घरी आणतो. दहा वाजल्यानंतर तलावावर वारा उठतो, मी त्याआधी काठाला लागतो.

वॉरंटी संपल्यावर ठिगळ लावायचं तर सायकलच्या ट्यूबचं सोल्युशन पीव्हीसीवर टिकत नाही, आणि पाण्याच्या पाइपचं सोल्युशन सुकून कडक होतं, घडीवर तडकतं. लवचीक पीव्हीसीसाठीचाच गोंद घ्या. हवा पूर्ण सोडा, जागा स्पिरिटने पुसा, ठिगळाचे कोपरे गोल कापा, भोकाच्या चहूबाजूंनी दोन-तीन सेंटिमीटर जास्त ठेवा, वर वजन ठेवून रात्रभर सोडा.

आणि शेवटचं, उंदीर. धान घरात आलं की उंदीर येतात, आणि घडी केलेली पीव्हीसीची नाव त्यांना कुरतडायला फार सोयीची. नाव सावलीत पूर्ण सुकवा, घड्यांतलं पाणी फडक्याने टिपा, थोडी टाल्कम पावडर भुरभुरा, सैल घडी करून पिशवीत घाला आणि पिशवी आढ्याला तारेने टांगा. दोर नको, दोरावरून उंदीर उतरतो. तारेवर मधोमध मी नारळाची अर्धी करवंटी उपडी अडकवली आहे, आजी तुपाच्या शिंक्याला लावायची तशी. तीन पावसाळे झाले, अजून एकही दात लागलेला नाही.